जावेची साक्ष

कोरलीला दवाखान्यात मीच नेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करायला नको.

आम्ही दोघी जावा. मी ग्लेनिस, थोरली. ती कोरली, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझा नवरा क्लाइव्ह आणि तिचा रसेल हे सख्खे भाऊ. जमीन एकत्र, मेंढ्या एकत्र, घरं मात्र दोन, आणि दोन्हींच्या मधे अर्ध्या मैलाचा माळ. दुष्काळाचं ते चौथं वर्ष होतं. तळ्यांच्या तळाशी चिखलाचे पोपडे निघाले होते आणि त्यावर कावळे बसलेले असायचे. मेंढ्यांना रोज हातानं चारावं लागे. रसेल पिकअप हळूहळू चालवी, कोरली मागच्या हौद्यात उभी राहून बार्लीची पोती फोडी आणि धान्याची एक लांब रेघ जमिनीवर सोडत जाई. मेंढ्या त्या रेघेवर दाटीवाटीनं माना खाली घालून धावत. गडी ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे घरच्या बायकाच गडी.

एके दिवशी शेडपाशी ती हौद्यातून खाली उडी मारताना मी पाहिलं. उडी मारली आणि तशीच गुडघे जुळवून उभी राहिली.

"कोरली, पॅन्ट बदलून ये."

"का? काय झालं?"

"मला नको सांगूस. तीस वर्षं मेंढ्यांची मुतानं पिवळी झालेली मागची लोकर वेगळी करतेय मी."

ती आधी हसली. हसल्यावर आणखी सुटलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम पडला. "तिसऱ्याच्या वेळेपासून असंच आहे, ग्लेन. साडेचार किलोचा होता मेला. शिंकले तरी होतं. पोतं उचललं तरी होतं. मुलांचे लंगोट अर्धे कापून लावते मी. रसेलला वाटतं, कपडे धुवायचा मला नाद लागलाय."

नेटबॉल तिनं का सोडला आणि चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर का बसते, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिला चांगलं झापलं. "तोंडाला काय कुलूप लावलं होतंस? माझंही असंच होतं. तीन वर्षांपूर्वी करून घेतलं की मी. वीस मिनिटांचं काम. लघवीच्या नळीखाली जाळीची एक पट्टी घालतात, झोळीसारखी. दुसऱ्या दिवशी घरी. पाचव्या आठवड्याला मी शेडमध्ये लोकर फेकत होते."

"खरंच काही त्रास नाही?"

"नातवंडांबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारते मी. आणखी काय पाहिजे तुला?"

तिनं मान हलवली. माझ्या शब्दाला आमच्या घरात वजन होतं. शेडमध्ये लोकर पारखायचं काम माझं. मेंढीची लोकर अंगावरून गोधडीसारखी सबंध निघते, ती टेबलावर फेकून पसरायची, कडेची डागाळलेली काढून टाकायची, मग चिमूट कानाशी धरून ओढायची, तुटते का ते ऐकायचं आणि कुठल्या गासडीत जाईल ते ठरवायचं. गासडीवर माझा शिक्का बसतो. नियम एकच, शंका आली की ती लोकर वरच्या प्रतीत घालायची नाही, बाजूला टाकायची. सगळा माल एका शंकेच्या लोकरीनं बाद होऊ शकतो. तीस वर्षांत माझी एक गासडी परत आली नव्हती, आणि त्याचा मला फार तोरा होता.

जूनमध्ये कोरलीचं ऑपरेशन झालं. गाव मोठं, सव्वा तासावर. डॉक्टर तोच, पट्टी तीच. मी तिला नेलं, मीच आणलं. येताना ती सीटवर एका कुल्ल्यावर बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला दाराची मूठ पकडत होती.

"पहिले आठ दिवस असंच," मी म्हणाले.

आठाचे पंधरा झाले. पंधराचा महिना झाला. लघवी सुटायची थांबली, हे खरं. पण उजव्या जांघेतून मांडीत कळ जायची. "आत कुणी तार पिरगाळतंय असं वाटतं," ती म्हणायची. खुर्चीवर बसेना. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहून जेवायची. दोन पावलं चालून थांबायची. मी सूप घेऊन जायची आणि सुपाबरोबर उपदेश. "पडून राहिलीस तर जखम आखडते. हालचाल कर. माझ्याकडे बघ."

सप्टेंबरात मेंढ्यांची कातरणी आली. कातरणारे चौघे आले, पण टेबलावर माणूस नव्हतं. मीच तिला बोलावलं. हो, मीच. नुसती कडेची डागाळलेली लोकर काढ म्हटलं, फेकणं मी करते. ती आली. काळी पॅन्ट, कमरेला रसेलचा रुंद पट्टा घट्ट आवळलेला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मला शेडमागे घेऊन गेली. तिथे मेंढ्यांच्या लेंड्यांचा आणि गरम पत्र्याचा वास भरून राहिलेला असतो.

"ग्लेन, एक सांगायचंय. हसू नकोस."

"बोल."

"काल रसेल... बरेच दिवसांनी. आणि त्याला टोचलं. खरंच टोचलं गं. ओरखडा आलाय त्याला. बिचारा घाबरून उठला. आत काहीतरी बाहेर आलंय."

ती जमिनीकडे बघत होती.  मी काय करावं? मी हसले. मुद्दाम नाही, फसकन आलं. मग म्हणाले, "नखं काप त्याला म्हणावं," आणि तिच्या पाठीवर थाप मारली. तीही हसल्यासारखं करून आत गेली.

त्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण संध्याकाळी भांडी पुसताना मी ते क्लाइव्हला सांगितलं. गंमत म्हणून. क्लाइव्ह वाईट माणूस नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळे लोकरीच्या गासड्यांवर बसून मटणाचे सँडविच खात होते. रसेल किटलीतून चहा ओतत होता. डेस नावाचा कातरणारा, तोंडाचा फाटका, तो मोठ्यानं म्हणाला, "रसेल, तारेच्या कुंपणावरून जपून उडी मार रे बाबा! एखाद्याचं सगळं अडकून बसायचं!"

चौघेही हसले. क्लाइव्ह हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. रसेलच्या हातातला चहा कपाबाहेर सांडत राहिला. कोरली टेबलाला टेकून उभी होती. तिनं डेसकडे पाहिलं नाही, रसेलकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं सँडविच नीट कागदात गुंडाळलं, पट्टा सैल केला आणि घरी चालत गेली. अर्ध्या मैलाचा माळ. मधे तीनदा थांबलेली मी दारातून मोजली. नंतर शेडमध्ये पाय ठेवला नाही तिनं.

मी माफी मागायला गेले नाही असं नाही. गेले. केक घेऊन गेले. तिनं दार उघडलं, केक घेतला आणि म्हणाली, "डॉक्टरकडे नेशील का? मला गाडी चालवता येत नाही, ब्रेक दाबला की कळ येते."

म्हणजे मला सोडूनही तिला चालत नव्हतं. आमच्याकडे सव्वा तासाच्या रस्त्याला दुसरं कोण होतं?

नोव्हेंबरात गेलो. खोली लहान होती, पंखा फिरत होता. डॉक्टरांनी तिला पडद्याआड तपासलं आणि हात धुऊन टेबलाशी आले. ती आत कपडे चढवत होती. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले.

"तुमचंही मीच केलं होतं ना? कसं काय चाललंय?"

आता खरं सांगते. मला तेव्हा दुखत होतं. डाव्या बाजूला, जांघेच्या जरा आत. सुरुवातीला ठणका, मग सुई टोचल्यासारखं. पिकअपमधून उतरताना दात आवळावे लागत. मी त्याला खुब्याचं दुखणं म्हणत होते. वय झालं, म्हणत होते. क्लाइव्हला मलम चोळायला लावत होते. पण ते खुब्यात नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. माझ्याच बोटांनी मी किती वेळा ती जागा चाचपली होती. लोकरीची चिमूट ओढून जी बाई सगळं सांगते, तिला स्वतःच्या अंगातलं कळत नाही होय?

मी म्हणाले, "उत्तम, डॉक्टर. काही म्हणजे काही त्रास नाही."

"बघा. तीच पट्टी, तेच काम," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "या कशा आहेत एरवी?"

आणि मी म्हणाले, "ती मुळात नाजूक आहे. बाळंतपणांतही फार गाजावाजा करायची."

का म्हणाले? पुष्कळ वर्षं मी या का-ला निरनिराळी उत्तरं दिली. एकच खरं आहे. माझंही बिघडलंय असं कबूल केलं असतं, तर तिला या खोलीत मी आणून घातलं हेही कबूल करावं लागलं असतं. शिवाय तो शिक्का. माझा शब्द कधी परत आला नव्हता.

पडदा सरकला. कोरली एका हातानं बटण लावत बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. तो पडदा म्हणजे नुसतं कापड. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं, गोळ्या दिल्या, मन रमवा म्हणाले. येताना गाडीत ती मागच्या सीटवर कुशीवर पडून होती. मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "खिडकी जरा लाव, धूळ येतेय."

नंतर वर्षं गेली. पाऊस आला, मेंढ्या वाढल्या, तिची मुलं शहरात गेली. कोरली उभी राहून जगली. नाताळच्या जेवणाला सगळे बसलेले आणि ती खिडकीपाशी ताट हातात धरून. पाहुणे म्हणत, "अगं बस की," आणि ती म्हणे, "बसून बसून कंटाळा येतो." रसेल दुसऱ्या खोलीत झोपायला लागला. रागानं नाही, तिला लागू नये म्हणून. पण रात्री वेगळ्या झाल्या की दिवसही हळूहळू वेगळे होतात, तसं त्यांचं झालं. ती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिली. प्रत्येक जण जुने कागद वाचायचा आणि प्रत्येकाचा चेहरा मधेच कुठेतरी बदलायचा. नवव्या वर्षी शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं कागद बाजूला ठेवून आधी तिला तपासलं. जाळी आतली कातडी कापून बाहेर आली होती. दोनदा ऑपरेशन करून निघाली तेवढी काढली. उरलेली मांसात रुतलीय, ती आता कायमची.

आणि मी? मी दर सहा महिन्यांनी माझ्या खुब्याचं मलम बदलत होते.

गेल्या वर्षी त्या मोठ्या गावातल्या सभागृहात चौकशी समिती आली. जाळी घातलेल्या बायकांचं ऐकून घ्यायला. कोरलीनं नाव दिलं. रसेलचा हात मोडलेला, म्हणून पुन्हा गाडी माझी. सभागृहात चाळीस-एक बायका होत्या. निम्म्या भिंतीला टेकून उभ्या. खुर्च्या रिकाम्या आणि भिंती भरलेल्या, असं सभागृह मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकीनं उशी आणली होती, मधे भोक असलेली. मी एकटीच खुर्चीवर बसले, पर्स मांडीवर घेऊन, सरळ पाठीनं. डावी बाजू ठणकत होती तरी बसून राहिले.

कोरलीची पाळी आली. तिनं चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. आवाज बारीक, पण थांबला नाही. लंगोट अर्धे कापायची ते वाचलं. शेडमधल्या हसण्याचं वाचलं, नावं न घेता. मग फाइलमधला एक कागद काढला. "हे माझ्या नोंदीत अकरा वर्षं आहे," ती म्हणाली. "'जाऊ सोबत होती. तीच शस्त्रक्रिया, जावेला कोणताही त्रास नाही. रुग्ण मुळात नाजूक असल्याचे जाऊ सांगते.' मी गेले त्या प्रत्येक डॉक्टरनं आधी हे वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं."

मला माहीत नव्हतं की ते लिहून घेतलंय. बोललेलं हवेत जातं असं मला वाटत होतं.

समितीतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "त्या जाऊबाई आता...?"

कोरली कागदाची घडी घालत राहिली. ती मला वाचवत होती की बघत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी उभी राहिले. पर्स खाली पडली, त्यातलं मलम घरंगळत पुढच्या रांगेत गेलं. "ती मी," मी म्हणाले. "आणि ते खोटं होतं. मलाही दुखत होतं. तेव्हाही, आताही. मी बोलले नाही."

कुणी चकचक केलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टंकलेखन करणारी मुलगी म्हणाली, "नाव परत सांगाल?" मी सांगितलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईनं मलम उचलून माझ्या हातात दिलं. तेच मलम तिच्याही हातातल्या पिशवीतून डोकावत होतं.

परतताना कोरली मागच्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला धरून उलटी बसली होती. लांबच्या प्रवासात ती तशीच जाते. आरशात मला तिचे नुसते पिकलेले केस दिसत होते.  बाहेर कापून नेलेल्या गव्हाची खुंटं, मधूनच एखादं सोडून दिलेलं मळणीयंत्र. डांबरी संपून आमचा मातीचा रस्ता लागला तेव्हा मागून आवाज आला.

"कधीपासून?"

"काय?"

"दुखतंय. कधीपासून?"

मला म्हणता आलं असतं, त्या नोव्हेंबरपासून. तिला काय कळणार होतं? पण दुपारी एवढ्या लोकांसमोर उभी राहिलेली जीभ आता पुन्हा आत वळेना.

"ईस्टरपासून."

"कुठल्या?"

"त्याच वर्षीच्या."

तिनं मनातल्या मनात महिने मोजले असणार. एप्रिल, मे, जून. मला ते न बघता कळलं.

"म्हणजे मला नेलंस त्याच्या आधीपासून."

"मला वाटलं, खुबा आहे."

"वाटलं?"

"नाही," मी म्हणाले. "वाटून घेतलं. माझंच खरं ठरावं म्हणून. कोरली, मी फार वाईट केलं."

"गाडी थांबव."

"अजून दोन मैल आहे गं घर. तुला चालवणार नाही."

"थांबव म्हणते ना!"

थांबवली. ती दार उघडून उतरली आणि चालायला लागली. उजवा पाय जरा बाहेर टाकत, हात कमरेवर. मी मागून पहिल्या गिअरमध्ये. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. ऊन उतरत होतं, माझ्या गाडीची धूळ वाऱ्यानं पुढे जाऊन तिच्या अंगावर बसत होती, म्हणून मी आणखी मागे राहिले. ती थांबली की मी थांबायची. दोन मैलांत ती नऊ वेळा थांबली. एवढ्या वर्षांत तिच्याबरोबर मी पहिल्यांदाच तिच्या चालीनं चालले.

फाटक आलं. आमच्याकडे गाडीत दुसरं कुणी असलं की फाटक त्यानं उघडायचं, गाडी जाऊ द्यायची, मग लावायचं. पोरासोरांनाही हे सांगावं लागत नाही. वाकड्यातला शेजारी असला तरी त्याच्या तोंडावर कुणी फाटक लावत नाही. कोरलीनं साखळी काढली, स्वतः आत गेली आणि वळून फाटक लावलं. साखळी खिळ्यात अडकवली. तेव्हा आमची नजरानजर झाली, तेवढीच. मग ती पाठ फिरवून घराच्या वाटेला लागली.

मला उतरायलाच हवं होतं. मी दार उघडलं, नेहमीसारखा डावा पाय आवळून धरला आणि उजवा खाली टाकला. कळ आली ती पोटापर्यंत. अकरा वर्षं ही कळ मी दातांखाली धरली होती. त्या दिवशी धरली नाही.

"आई गं!" मी मोठ्यानं ओरडले.

कोरली थांबली. वळली नाही. तिची पाठ तशीच, हात कमरेवर तसाच.

"एकेक पाय टाकू नकोस," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. आवाजात माया नव्हती. मेंढी कशी धरायची ते नव्या माणसाला सांगावं तसं सांगत होती. "परत वर बस. आधी अंग सगळं दाराकडे वळव. गुडघे जुळव. मग दोन्ही पाय एकदम खाली. श्वास सोडताना."

मी परत वर बसले. अंग वळवलं. गुडघे जुळवले. श्वास सोडला आणि दोन्ही पाय एकदम खाली टाकले. खरंच कमी दुखलं.

वर पाहिलं तेव्हा ती बरीच पुढे गेली होती.